दाबोळी : एका धावपट्टीचा राजकीय इतिहास

गोव्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. देवस्थानांची स्थलांतरे, धर्मसमीक्षण सभेचा काळ, ग्रामसंस्था, भाषावाद आणि मुक्तिसंग्राम हे त्या लेखनाचे नेहमीचे विषय होत. त्यांच्या तुलनेत बंदरे, लोहमार्ग, पूल आणि विमानतळ या भौतिक उभारणीकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. असे विषय अभियंत्यांचे किंवा अर्थतज्ज्ञांचे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः एखादा मार्ग कोणी बांधला, कोठे जाण्यासाठी बांधला आणि त्यावरून जाण्याची मुभा कोणाला होती, हे प्रश्न संस्कृतीच्या इतिहासाचेही आहेत. प्रस्तुत निबंधात मुरगाव तालुक्यातील दाबोळीच्या विमानतळाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

दाबोळीची निवड करण्याचे कारण असे की, १९५५ पासून आजवरच्या सुमारे सात दशकांत या एकाच पठाराने तीन निरनिराळ्या सत्तांचे आणि गरजांचे ओझे वाहिले आहे. प्रथम तो पोर्तुगीज राजवटीचा बाह्य जगाशी दुवा होता. नंतर तो भारतीय नौदलाचा हवाई तळ झाला. पुढे या तळाच्याच एका कोपऱ्यात पर्यटनाच्या अर्थव्यवस्थेचे प्रवेशद्वार उभे राहिले. यांपैकी प्रत्येक वेळी धावपट्टी जवळजवळ तीच राहिली. मात्र तिच्यावरून कोठे जाता येते, याचे उत्तर बदलत गेले. गंतव्यस्थानांच्या या बदलत्या यादीतून गोव्याचा आधुनिक राजकीय इतिहास वाचता येतो, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

दाबोळीपूर्वीचा गोवा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्याला जाण्याचे मार्ग मुख्यतः दोन होते. मुंबईहून आगबोटीने पणजी अथवा मुरगाव गाठणे हा एक. आणि बेळगावकडून कॅसलरॉक व कुळे या मार्गे मीटरगेज रेल्वेने घाट उतरणे हा दुसरा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या लोहमार्गाने मुरगाव बंदर ब्रिटिश हिंदुस्थानच्या व्यापाराशी जोडले गेले होते. याचा अर्थ असा की, राज्यकर्ते पोर्तुगीज असले तरी गोव्याचे दैनंदिन दळणवळण हिंदुस्थानच्या दिशेने होते. गोव्यातील कष्टकरी, लेखनिक, संगीतकार आणि आचारी रोजगारासाठी मुंबईला जात. त्यांच्या घरखर्चाच्या मनिऑर्डरी उलट दिशेने येत. गोमंतकीय समाजाचे अर्धे आयुष्य मुंबईत घडत होते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

हवाई मार्गाचा प्रारंभही याच दिशेने झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे मद्रासकडे नेले. त्यानंतर तीन वर्षांनी, २९ ऑक्टोबर १९३५ रोजी, टाटांची मुंबई–त्रिवेंद्रम सेवा सुरू झाली. तिच्या वाटेवर गोवा व कण्णूर असे थांबे होते. त्या काळी विमान उतरण्यास मोठ्या वास्तूची गरज नव्हती. सपाट, मोकळे मैदान पुरेसे असे. परंतु या लहानशा घटनेचा अर्थ मोठा आहे. आकाशमार्गाच्या पहिल्या नकाशावर गोवा हा मुंबई आणि केरळ यांच्या मधला एक थांबा होता. लिस्बन त्या नकाशावर नव्हते.

नाकेबंदी आणि विमानतळाचा जन्म

हा नकाशा उलटा होण्याचे कारण राजकीय होते. भारत स्वतंत्र झाल्यावर पोर्तुगालने आपल्या वसाहतींविषयी वाटाघाटी करण्यास नकार दिला. गोवा, दमण व दीव हे पोर्तुगालचे सागरापलीकडील प्रांत आहेत, वसाहती नाहीत, अशी सालाझार शासनाची भूमिका होती. जुलै–ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा व नगरहवेली हे अंतर्वेष्टित प्रदेश मुक्त झाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मा झाले. यानंतर भारत सरकारने राजनैतिक संबंध संपुष्टात आणले आणि आर्थिक नाकेबंदी कडक केली. घाटातून येणारी प्रवासी रेल्वे बंद पडली. मुंबई आणि गोवा यांमधील शतकभराची वहिवाट तुटली.

या कोंडीला पोर्तुगीज राजवटीने दिलेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे दाबोळीचा विमानतळ होय. मुरगाव द्वीपकल्पावरील पठाराची सुमारे २४९ एकर जमीन त्यासाठी घेण्यात आली. गव्हर्नर जनरल पावलो बेनार्ड गेदिश (कार्यकाल १९५२ ते १९५८) यांच्या राजवटीत हे काम झाले आणि पुढे विमानतळास अधिकृतपणे त्यांचेच नाव देण्यात आले. दमण व दीव येथेही त्याच सुमारास धावपट्ट्या तयार झाल्या. १९५५ मध्ये ‘त्रान्सपोर्तिस आयेरिउश दा इंदिया पोर्तुगेझा’ ही स्वतंत्र विमान कंपनी स्थापन झाली. तिच्या आद्याक्षरांवरून ती ‘ताइप’ या नावाने ओळखली जाई आणि दाबोळी हे तिचे मुख्य ठाणे होते.

जागेची निवडही विचार करण्यासारखी आहे. जुवारी नदीच्या दक्षिण तीरावरील या द्वीपकल्पात गोव्याचे मुख्य बंदर आणि लोहमार्गाचे अंतिम स्थानक आधीच होते. आता विमानतळही तेथेच आला. राजधानी पणजी मात्र नदीच्या पलीकडे राहिली. १९८० च्या दशकात जुवारीवर पूल होईपर्यंत पणजीकडून विमानतळाला जाणाऱ्या प्रवाशास सरळ मार्गाने यावयाचे तर फेरीबोटीने नदी ओलांडावी लागे. गोवा हा लहान प्रदेश खरा. पण नद्यांनी विभागलेल्या प्रदेशात अंतर मैलांत मोजून भागत नाही. पुढे उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा यांच्यात विमानतळाच्या जागेवरून जो वाद झाला, त्याचे बीज या भूगोलातही होते.

ताइपच्या सेवांची यादी पाहिली असता विमानतळाचा हेतू उघड होतो. दमण, दीव आणि कराची ही सुरुवातीची ठिकाणे. पुढे लिस्बन, तसेच मोझांबिक आणि तिमोर या पोर्तुगीज प्रदेशांशीही दुवे जोडले गेले. गोवा, दमण व दीव ही तिन्ही ठिकाणे अरबी समुद्राच्या काठी असल्याने भारतीय भूमीवरून न जाता त्यांना समुद्रावरून जोडणे शक्य होते. कराचीत गोमंतकीयांची जुनी वस्ती होती आणि पाकिस्तानशी पोर्तुगालचे संबंध चांगले होते. म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या मार्गावरचा पहिला टप्पा कराची हाच ठरला. ज्या भागातून बेळगाव काही तासांच्या अंतरावर होते, तेथून आता बेळगावला जाणे दुष्कर आणि लिस्बनला जाणे शक्य, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली.

या स्थितीचे समांतर चित्र आंतरराष्ट्रीय न्यायालयात दिसते. दमणहून दादरा व नगरहवेलीकडे भारतीय भूमीतून जाण्याचा हक्क आपणास आहे, असा दावा पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेग येथे दाखल केला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्यापुरता असा हक्क १९५४ मध्ये होता हे मान्य केले. सशस्त्र दलांसाठी तो अमान्य केला. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असाही निर्णय दिला. एकाच काळात पोर्तुगाल जमिनीवरील वाट न्यायालयाकडे मागत होता आणि आकाशातील वाट स्वतः बांधत होता. दोन्ही प्रयत्नांचा हेतू एकच होता: भारताच्या संमतीवाचून आपले प्रदेश एकमेकांशी जोडलेले ठेवणे.

येथे एक भेद केला पाहिजे. नाकेबंदीच्या काळात गोव्याला लागणारा माल बहुतांशी समुद्रमार्गे आला. नेदरलँड्सचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ व भाजीपाला, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट असे जिन्नस मुरगाव बंदरात उतरत. लोहखनिजाच्या निर्यातीने या आयातीला आवश्यक ते परकीय चलन मिळवून दिले. तेव्हा विमानतळाने गोव्याचे पोट भरले, असे म्हणता येणार नाही. विमानतळाचे कार्य वेगळे होते. टपाल, अधिकारी, वृत्तपत्रे आणि मोजके सधन प्रवासी यांची ये-जा चालू ठेवून गोवा एकाकी नाही, असा प्रत्यय तो राजवटीला आणि जगाला देत होता. बंदर ही गरज होती, तर विमानतळ हा एक राजकीय युक्तिवाद होता. ज्यांची मुले मुंबईच्या गिरण्यांत, कुडांत वा गोदीत होती, त्या सामान्य गोमंतकीय कुटुंबांना मात्र लिस्बनच्या विमानाचा काहीच उपयोग नव्हता. त्यांना हवी होती ती बंद पडलेली रेल्वे.

१८ डिसेंबर १९६१

नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून भारतीय बोटींवर गोळीबार झाला आणि प्रकरण निकरावर आले. १८ डिसेंबरच्या पहाटे ‘ऑपरेशन विजय’ सुरू झाले. त्या दिवशी दाबोळीवर झालेला हल्ला भारतीय हवाई दलाच्या इतिहासात सविस्तर नोंदलेला आहे. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली ८ कॅनबेरांची दुसरी तुकडी आली. बेळगावजवळच्या सांबरा तळावरून उडालेल्या ६ हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला. दीवच्या धावपट्टीवर आणि नियंत्रण मनोऱ्यावरही त्याच दिवशी हल्ले झाले.

या हल्ल्याची मर्यादा त्याच्या तीव्रतेइतकीच महत्त्वाची आहे. गोव्यात पोर्तुगालची लढाऊ विमाने नव्हतीच. दाबोळीवर उभी होती ती दोन मोठी प्रवासी विमाने: एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि दुसरे ताइपचे डीसी-६. वैमानिकांना मिळालेल्या आदेशानुसार ही विमाने आणि विमानतळाच्या इमारती यांना धक्का लावण्यात आला नाही. लक्ष्य होते ते केवळ धावपट्टीचे. जो विमानतळ उद्या आपलाच होणार आहे तो उद्ध्वस्त करावयाचा नाही, हा विचार त्यामागे दिसतो. त्या रात्री धावपट्टीचा काही भाग घाईने दुरुस्त करण्यात आला आणि दोन्ही विमाने अंधारात उड्डाण करून कराचीला निघून गेली. शेवटच्या सैनिकापर्यंत लढण्याचा लिस्बनचा आदेश असतानाही गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी १९ डिसेंबरच्या सायंकाळी शरणागती पत्करली.

दाबोळीच्या पोर्तुगीज पर्वाचा शेवट अशा रीतीने कराचीच्या दिशेनेच झाला. मे १९६२ मध्ये पोर्तुगीज युद्धकैद्यांची पाठवणीही गोव्यातून विमानाने कराचीला व तेथून जहाजांनी लिस्बनला अशीच झाली. या हिशेबाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पोर्तुगालचे सुमारे तीन हजार सैनिक काही महिन्यांत मायदेशी पोहोचले. परंतु सांगलीचे मोहन रानडे, ज्यांना ऑक्टोबर १९५५ मध्ये अटक झाली होती, ते पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. गोवा मुक्त झाल्यानंतर सात वर्षे गोव्याचा एक मुक्तिसैनिक लिस्बनजवळच्या काशियश येथे बंदिवान होता. राज्य बदलले म्हणून सर्वांचे परतीचे मार्ग एकाच वेळी खुले होत नाहीत.

नौदलाचे घर, नागरिकांचा कोपरा

मुक्तीनंतर गोव्यात लष्करी प्रशासन होते आणि मेजर जनरल के. पी. कँडेथ हे लष्करी गव्हर्नर होते. एप्रिल १९६२ मध्ये दाबोळी नौदलाच्या ताब्यात गेली. भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ मार्च १९६१ मध्ये सेवेत आली होती आणि तिच्यावरील सीहॉक व आलिझे विमानांना किनाऱ्यावर तळ हवा होता. कोइमतूरजवळ सप्टेंबर १९६१ मध्ये स्थापन झालेला ‘हंस’ हा नौदलाचा हवाई तळ जून १९६४ मध्ये दाबोळीस हलविण्यात आला. तेव्हापासून या विमानतळाचा यजमान नौदल आहे. पुढे सी हॅरियर आणि त्यानंतर मिग-२९के या विमानांचे किनाऱ्यावरील घरही हेच राहिले.

नागरी विमानसेवा १९६६ पासून इंडियन एअरलाइन्सने सुरू केली. मुंबई पुन्हा नकाशावर आली. परंतु नागरी प्रवासी येथे पाहुण्यासारखा होता. एकूण सुमारे ६८८ हेक्टरांच्या विमानतळात नागरी विभागाच्या वाट्याला बराच काळ साधारण १४ हेक्टर एवढीच जागा होती. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास धावपट्टी लष्करी सरावासाठी राखलेली असे, त्यामुळे नागरी विमानांना दुपारनंतर एकच गर्दी करावी लागे. लष्करी गरज खोटी नव्हती. पश्चिम किनाऱ्याच्या संरक्षणात दाबोळीचे स्थान वादातीत आहे. तथापि मुक्तीनंतर गोव्याच्या लोकप्रतिनिधींना आपल्याच मुख्य विमानतळाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार नव्हता, हेही तितकेच खरे. पोर्तुगीज काळात विमानतळ लिस्बनच्या धोरणानुसार चालला. नंतर तो दिल्लीच्या धोरणानुसार चालला. या दोन राजवटींची तुलना नैतिक पातळीवर करता येणार नाही, कारण एक परकीय हुकूमशाही होती आणि दुसरी लोकशाही. परंतु दाबोळी गावाच्या दृष्टीने पाहता पठारावरचा निर्णय दोन्ही वेळा दुसरीकडे झाला.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय घेतला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. याच १९८७ साली जर्मनीहून पर्यटकांची पहिली चार्टर विमाने दाबोळीस येऊ लागली. त्याआधी नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेच्या प्रमुखांची विश्रांती बैठक गोव्यात झाली होती. त्या निमित्ताने झालेल्या सुधारणांनी पुढच्या पर्यटनाची पायाभरणी केली. युरोपातून थेट गोव्यात उतरता येऊ लागले. एकेकाळी नाकेबंदी चुकविण्यासाठी जोडलेला युरोपचा दुवा आता बाजारपेठेच्या गरजेने पुन्हा जोडला गेला. फरक एवढाच की, पूर्वी युरोपातून राज्यकर्ते येत, आता ग्राहक येऊ लागले. हिवाळ्यातील काही महिने किनाऱ्यावरील गावांची अर्थव्यवस्था या विमानांच्या वेळापत्रकावर अवलंबून राहू लागली.

मोपा आणि दाबोळीचे भवितव्य

वाढत्या वाहतुकीस दाबोळी अपुरी पडू लागल्यावर पेडणे तालुक्यात मोपा येथे दुसरा विमानतळ उभारण्यास केंद्र सरकारने २००० मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. नव्या विमानतळानंतर दाबोळीची नागरी वाहतूक बंद करण्याची अट त्यावेळी होती. ती पुढे मागे घेण्यात आली. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी मोपाची पायाभरणी झाली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणविषयक परवानगी स्थगित ठेवली आणि जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठविली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमानसेवा सुरू झाली. या विमानतळास माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. दरम्यान दाबोळीतही डिसेंबर २०१३ मध्ये नवे एकात्मिक टर्मिनल सुरू झाले होते, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये शेजारच्या सिंधुदुर्गात चिपी येथे विमानतळ कार्यान्वित झाला होता.

मोपाच्या वादात एक आक्षेप वारंवार ऐकू आला: उत्तर सीमेवरील विमानतळाचा लाभ गोव्यापेक्षा महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला होईल. या आक्षेपाचे आर्थिक मूल्यमापन वेगळे करावे लागेल. परंतु त्यातील भाव १९६७ च्या वादाची आठवण करून देतो. सीमेच्या दोन्ही बाजूंस भाषा, देवस्थाने व नातेसंबंध एकमेकांत गुंतलेले असतानाही, विमानतळाच्या प्रश्नावर सीमा पुन्हा ठळक होते. दक्षिण गोव्याची चिंता याहून निकडीची आहे. टॅक्सीचालक, हॉटेलचे कामगार, सामान वाहून नेणारे, लहान दुकानदार अशी अनेक कुटुंबे दाबोळीभोवती स्थिरावलेली आहेत. विमाने उत्तरेकडे वळू लागली तर त्यांचे काय, हा प्रश्न आकडेवारीत मावणारा नाही.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली अशी की, लहान विमानतळ हा मोठ्या विमानतळाची छोटी आवृत्ती नसतो. मोठ्या शहराला विमानतळ वाहतुकीसाठी लागतो. लहान प्रदेशात तो अनेकदा सत्तेच्या गरजेतून जन्मतो आणि वाहतूक त्याच्यामागून येते. दुसरी अशी की, विमानतळाचा हेतू बदलला तरी त्याची मूळ जागा टिकते आणि पुढच्या सर्व वादांना त्या जागेची चौकट पडते. १९५० च्या दशकात नाकेबंदीच्या दबावाखाली निवडलेल्या पठारामुळे आज गोव्याच्या दक्षिण व उत्तर भागांतील समतोलाचा प्रश्न निर्माण झाला आहे. तिसरी गोष्ट आपल्या इतिहासलेखनाविषयीची आहे. मराठीतील गोव्याचा इतिहास पुष्कळदा १९ डिसेंबर १९६१ या दिवशी पूर्णविराम घेतो. दाबोळीच्या दृष्टीने तो दिवस म्हणजे एका प्रकरणाचा शेवट, एवढेच. धावपट्टी दुरुस्त झाली. पण ती कोणासाठी, हा प्रश्न त्यानंतरही खुला राहिला.

मुक्तिसंग्रामाचा अर्थ केवळ परकीय ध्वज उतरण्यापुरता नव्हता. आपल्या वाटा आपण ठरविण्याचा अधिकार मिळणे, हाही त्याचा एक अर्थ होता. दाबोळीचे पुढे काय व्हावे याचा निर्णय घेताना वेळापत्रके आणि प्रवासीसंख्या यांबरोबर हा अर्थही विचारात घेतला जावा, आणि पठाराभोवतीच्या गावांचे म्हणणे त्या निर्णयापूर्वी ऐकले जावे, एवढी अपेक्षा इतिहासाच्या अभ्यासकाने व्यक्त केली तर ती त्याच्या कक्षेबाहेरची मानली जाऊ नये.